डबल बेल कुणी दिली?

आमचे हे गाडी चालवताना बोलत नाहीत. स्टिअरिंगला हात लागला की तोंडाला कुलूप. ही सवय लग्नाआधीपासूनची आहे, आणि मला ती लग्नाआधीपासून माहीत आहे, कारण मी त्यांच्याच बसवर कंडक्टर होते. ते पुढे, मी मागे आणि मधे कोंबलेली माणसं. 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी प्रत्येक बसमध्ये असायची, पण ती पाटी मनावर घेणारा अख्ख्या डेपोत हा एकच माणूस. लग्न झाल्यावर वाटलं, बायकोला तरी सूट मिळेल. छे. जे काय सांगायचं ते बेलवर. एक बेल म्हणजे थांबा. डबल बेल म्हणजे चला. तीन बेल म्हणजे गाडी भरली, आता मधे कुठे थांबू नका. आमचं भांडणसुद्धा बेलवरच चालायचं. मी डबल बेल जरा जोरात मारली की ते समजायचे, सकाळचं अजून निवळलेलं नाही.

आणखी एक नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. बेल झाली की मागे बघायचं नाही. कोण उतरलं, कोण चढलं, कुणाची पिशवी दारात अडकली, हे सगळं कंडक्टरनं बघायचं. आरशात ते रस्ता बघायचे, माणसं बघायचे नाहीत. "माझ्या मागचं सगळं तुझं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रेमाचं म्हणून जे काय बोलले असतील ते एवढंच, आणि तेव्हा तर आमची नीट ओळखही नव्हती.

दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो. मला घर भलतंच मानवलं. इतकी वर्षं हलत्या फळीवर उभी राहून माझे पाय बिघडले होते, कंबर बिघडली होती. आता पायाखालची जमीन जागच्या जागी राहते याचंच मला अप्रूप. सकाळी स्वयंपाकघरात नुसती उभी राहून मी चहा प्यायचे आणि बरं वाटायचं. यांचं मात्र उलट. खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. टीव्हीवर एखादी गाडी वेगात आली की यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. माणूस दिवसेंदिवस सुकत चालला होता. लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांना कुठंतरी घेऊन जा गं." मी म्हणायचे, "तुझ्या बाबांना घेऊन जाता येत नाही, त्यांच्या मागून जावं लागतं."

शेवटी त्यांनीच एक दिवस ही कॅराव्हॅन भाड्यानं आणली. मी तिला घरगाडी म्हणते. आत पलंग, ओटा, गॅस, सिंक, कपाट, सगळं आहे, फक्त प्रत्येक गोष्ट अर्धी आहे. सिंकमध्ये एक पातेलं मावतं. टेबल खाली दाबलं की त्याचा पलंग होतो, आणि पलंग झाल्यावर कपाट उघडत नाही, म्हणजे कपडे काढायचे ते झोपायच्या आधी आठवून. वळण आलं की चमच्यांचा खण आपला आपण बाहेर येतो आणि वळण संपलं की आत जातो. पहिल्या दिवशी मला त्याची भीती वाटली, मग त्याची सोबत वाटायला लागली.

बेत असा होता की समुद्राच्या कडेकडेनं जायचं, मन मानेल तिथे थांबायचं. हा किनारा वाळूचा नाही. सगळे काळे खडक, त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा, आणि त्या खडकांच्या वरून कडा कापून काढलेला अरुंद रस्ता. निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुढची काच पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "गाडीवाला ही गाडी विकायची म्हणतोय."

"बरं मग?"

"आपण घ्यावी म्हणतो. घर विकून टाकू. यातच राहू, कायमचं. ट्रिप संपायच्या आत त्याला सांगायचंय. तू विचार करून ठेव."

एवढं बोलून ते आत बसले आणि त्यांनी स्टार्टर मारला. घर विकायचं असं बायकोला सांगून माणूस स्टार्टर मारतो! म्हणजे पुढचा मुक्काम येईपर्यंत बोलणं बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मस्तकातली आग काढायची कुणावर? चमच्यांचा खण बाहेर आला होता, तो मी लाथेनं आत ढकलला.

माझं उत्तर त्याच क्षणी ठरलं होतं. नाही. त्याला विचार कसला करायचा? पण मुक्कामी पोचलो आणि हे खाली उतरले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहिला. इतक्या महिन्यांनी तो चेहरा भरलेला दिसला. गाडीभोवती फिरून एकेक टायर बुटाच्या टोकानं दाबून बघत होते आणि शीळ घालत होते. मी मूग गिळून बसले. म्हटलं, उद्या सांगू. मग तो उद्या रोज पुढे सरकत राहिला.

आता खरं सांगायचं तर ते दिवस फार छान गेले. एकदा मनात 'नाही' ठरलेलं असलं की माणूस निवांत असतो. मी मागच्या दाराजवळच्या घडीच्या स्टुलावर बसायचे, जुन्या सवयीनं. पुढे त्यांच्या शेजारी चांगली मऊ सीट होती, पण तिच्यावर त्यांचा थर्मास, टोपी आणि नकाशा बसलेले. मी तिथे बसावं असं ना त्यांना सुचलं ना मला. बेल नव्हती, तर मी ओट्याजवळच्या हुकाला पातेल्याचं झाकण टांगलं आणि शेजारी पळी. एकदा वाजवलं की थांबायचे, दोनदा वाजवलं की निघायचे. चहा हवा असेल तर हॉर्न द्यायचे. संसार पुन्हा रुळावर आला.

फक्त एक भानगड होती. रस्त्यात बसथांबा दिसला की यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी बरोब्बर थांब्याला लागायची, दार बरोब्बर माणसांसमोर. एकदा छत्री घेतलेल्या एक बाई सरळ दार उघडून चढल्या. समोर पलंग, गॅस आणि हातात पळी घेतलेली मी. बाई थबकल्या. मी म्हणायला हवं होतं की अहो, ही बस नाही. पण तोंडातून निघालं, "पुढे सरका, दारात उभं राहू नका!" त्या बिचाऱ्या पुढे सरकल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. मग काय करणार? मी डबल बेल दिली. पुढच्या गावात त्या उतरल्या, उतरताना म्हणाल्या, "गाडी छान आहे, पण वेळापत्रकात दिसत नाही." यांना यातलं काही माहीत नव्हतं. मुक्कामी मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "मी म्हटलं वजन कसं वाढलं!"

तर त्या दिवशी काडेपेटी संपली. दुपार नुकतीच कलली होती. कड्यावर एका वळणाच्या अलीकडे रस्ता जरा रुंद झाला होता, तिथे एक दुकान दिसलं. एकटंच, खडकाला टेकून उभं राहिलेलं. मी एक बेल दिली. गाडी थांबली. हे नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवून जागेवरच. मी उतरले, हातात सुट्टे पैसे होते म्हणून दार कमरेनं ढकलून लावलं, आणि दुकानात शिरले.

दुकानवाली माझ्याच वयाची, काउंटरमागे बसून लोकर विणत होती. मी काडेपेटी मागितली. तिनं सुया खाली ठेवल्या, मागे वळली, काडेपेटी काढली, आणि माझ्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाली, "तुमची गाडी निघाली की."

मी बाहेर धावले. घरगाडीचा मागचा भाग वळणावर दिसला, खिडकीतला माझा टॉवेल दिसला, आणि मग काहीच दिसलं नाही.

ओरडले. अगदी डेपोतल्या आवाजात ओरडले. पण लाटांपुढे कुणाचं चालतंय? परत येऊन दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. दुकानवाली दारात आली होती.

"गेले?" तिनं विचारलं.

"गेले."

"भांडण झालं होतं?"

"नाही हो. बोललोच नाही सकाळपासून."

"मग झालंच म्हणायचं."

"अहो, तसं नाही. ते गाडी चालवताना बोलत नाहीत." मग मला तिला सगळं सांगावं लागलं, बस, बेल, पळी आणि झाकण. सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं. मी कमरेनं दार लावलं, तेव्हा धक्क्यानं ती पळी हलली असणार, आणि झाकणावर आपटली असणार. एकदा नव्हे, दोनदा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझ्याच कमरेनं मला रस्त्यावर सोडून द्यायची डबल बेल दिली होती.

दुकानवाली इतकी हसली की तिचे विणीचे टाके सुटले. मलाही हसू आलं असतं, पण मी रागात होते.

"येतील परत," डोळे पुसत ती म्हणाली. "मागे बघतील आणि येतील."

"ते मागे बघत नाहीत."

"कधीतरी बघतीलच की."

"तुम्ही ओळखत नाही त्यांना."

माझा फोन गाडीत, चार्जिंगला. तिनं आपला पुढे केला, तर यांचा नंबर मला पाठ नव्हता. जो माणूस सतत हाकेच्या अंतरावर असतो त्याचा नंबर कोण पाठ करतं? लेकीचा पाठ होता. पण लेकीला काय सांगणार, तुझे बाबा मला रस्त्यात विसरून गेले? संध्याकाळच्या आत सगळ्या नात्यागोत्यात डंका वाजला असता. म्हटलं, राहू दे, बसू थोडा वेळ.

दुकानासमोर रस्ता ओलांडला की एक पायवाट खाली खडकांकडे जात होती. मी अर्ध्या वाटेवर एका सपाट खडकावर जाऊन बसले. खाली लाट यायची, खडकाच्या फटीत शिरायची आणि पांढरी होऊन वर उडायची. ऊन कोवळं नव्हतं, पण वारा होता. आणि तो खडक हलत नव्हता. कित्येक दिवसांनी माझ्या खाली काहीतरी हलत नव्हतं. कंबर सैल झाली. पाय सैल झाले. मी चपला काढून ठेवल्या. राग होता, पण रागाच्या खाली कुठेतरी मला अतिशय बरं वाटत होतं, आणि ते कबूल करायला मला लाज वाटली नाही. मी समुद्राला मोठ्यानं सांगून पाहिलं, "मला घर विकायचं नाही." समुद्रानं काही हरकत घेतली नाही. वाटलं, किती सोपं आहे! आज आले की सांगून टाकायचं.

आले की.

हा विचार आला आणि सगळी मजा गेली. अजून कसे आले नाहीत? या रस्त्यावर गाडी वळवायला जागा नाही, म्हणजे पुढच्या गावापर्यंत जावं लागणार, हे मला कळत होतं. पण पुढचं गाव म्हणजे अरुंद गल्ल्या. गाडी मागे घ्यायची वेळ आली तर? मागे घेताना मी उतरून सांगते, येऊ द्या, येऊ द्या, बस. माझ्या शब्दावर हे डोळे मिटून गाडी मागे घेतात. समजत असतील की मी मागे आहे. मी काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून मागे घेत जातील, घेत जातील, आणि मागे काय असेल, भिंत की कडा? माझी पाचावर धारण बसली. रागाचा तिळपापड वगैरे सगळा विरून गेला. चपला हातात घेऊन मी तशीच अनवाणी वर आले.

"द्या हो तो फोन," मी दुकानवालीला म्हटलं. "लेकीला लावते. होऊ दे काय बोभाटा व्हायचा तो."

तेवढ्यात पलीकडून बस आली. साधी, नेहमीची, लाल रंगाची प्रवासी बस. समोरच्या बाजूला थांबली. दोन बायका उतरल्या, एक पोत्याचा मालक उतरला, मग एक पोतं उतरलं. आणि सगळ्यांच्या शेवटी, मागच्या दारानं, आमचे हे उतरले. एका हातात माझी शाल, काखेत थर्मास, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत तिकीट, जन्मात पहिल्यांदा तिकीट काढलेल्या माणसासारखं जपून धरलेलं.

माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्याबरोबर राग परत वर आला. मी तोंड उघडणार, तोच तेच म्हणाले, "डबल बेल कुणी दिली?"

"हे मला विचारताय? मी इथे उभी आहे आणि मला विचारताय?"

"डबल बेल झाली. मी नीट ऐकली."

"पळीनं दिली! दार लावताना पळी आपटली! आणि पळीनं दिली तरी एकदा मागे वळून बघता येत नाही माणसाला? आपली बायको आहे का उतरली, एवढं बघायला काय मान मोडते?"

एरवी त्यांनी 'मागचं सगळं तुझं' असं काहीतरी म्हटलं असतं. आज त्यांनी नुसती शाल माझ्या खांद्यावर टाकली. मग हळूहळू सांगायला लागले.

"पुढच्या गावात थांबा होता. थांबलो. मग डबल बेलची वाट बघत बसलो. येईना. म्हटलं, कुणीतरी म्हातारं माणूस चढत असेल, वेळ लागतोय. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. तरी बसलो. बेलशिवाय कसा निघू? मग हाक मारली, काय गं, झोपलीस का? तर उत्तर नाही."

"मग?"

"मग मागे बघितलं. स्टूल रिकामं होतं."

"बघितलं ना मागे?" दुकानवाली दारातून ओरडली. "मी म्हटलं नव्हतं?"

घरगाडी त्या गावात वळेना. मग ती शाळेच्या भिंतीला लावून, किल्ली खिशात घालून हे धावत सुटले आणि परतीच्या बसला हात केला. आता गाडीकडे जायला आम्हाला उलट्या बाजूची बस हवी होती. ती येईपर्यंत दुकानवालीनं आम्हाला बाकावर बसवलं आणि यांच्याकडे ती असं बघत राहिली, जसं आपण एखाद्या प्रसिद्ध माणसाकडे बघतो. निघताना काडेपेटीचे पैसे तिनं घेतलेच नाहीत. म्हणाली, वसूल झाले.

बस आली. चढलो आणि नवीनच पंचाईत झाली. हे सवयीनं सरळ पुढे ड्रायव्हरच्या केबिनकडे चालायला लागले, आणि मी सवयीनं दारापाशी उभी राहून पुढच्या माणसाला म्हटलं, "चला, आत चला." कंडक्टरनं माझ्याकडे रोखून बघितलं. मी गप्प होऊन तिकिटं घेतली, यांना दंडाला धरून मागे आणलं आणि दोन जणांच्या सीटवर बसवलं. खिडकी त्यांना दिली. मला खिडक्या पुष्कळ झाल्या होत्या. डबल बेल झाली तसा यांचा डावा हात गिअरकडे गेला आणि माझ्या गुडघ्यावर पडला. तो त्यांनी काढला नाही.

आम्ही दोघं एका बसमध्ये एका सीटवर कधी बसलोच नव्हतो. आणि बस चालू होती, तरी हे बोलायला लागले. चालत्या गाडीत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"गाडीत राहू या असं का म्हणत होतो, ठाऊक आहे?"

"चालवायला मिळेल म्हणून."

"तेही आहे. पण घरी तू कुठे असतेस ते कळत नाही गं. स्वयंपाकघरात असतेस, गच्चीवर असतेस, शेजारी गेलेली असतेस. मी खुर्चीत बसून अंदाज बांधतो. बसमध्ये कसं, तू मागे असायचीस. बघावं लागायचं नाही. माझ्या पाठीला कळायचं."

मी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"असं मला वाटायचं," ते म्हणाले. "आज काय झालं? तू नव्हतीस आणि मी मजेत चाललो होतो. शीळ घालत होतो मी! पाठीला डोंबल कळत नाही. पळीनं झाकण वाजवलं तरी मला चालतंय." मग म्हणाले, "तेव्हा ते गाडीचं राहू दे. त्याला नाही म्हणून कळवतो."

झालं. जे मला हवं होतं ते तोंड न उघडता मिळालं. खरं तर मी हात जोडायला हवे होते. पण माझं नाक आहे ते काही उगाच नाही, राग बसायला जागा लागते.

"वा!" मी म्हटलं. "घर विकायचं, तुम्हीच ठरवलं. आता विकायचं नाही, तेही तुम्हीच ठरवलं. मी कोण?"

"पण तुला नको होतं ना? तुझ्या तोंडावरून मला वाटलंच होतं."

"नकोच आहे."

"मग झालं की."

"नाही झालं. विचारा मला. नीट विचारा, आणि मी सांगेपर्यंत थांबा. स्टार्टर मारायचा नाही."

ते सीटवर जमेल तेवढे माझ्याकडे वळले. पुढच्या सीटवरचा माणूसही थोडासा वळला. "घर विकून गाडीत राहायला येशील का?" त्यांनी विचारलं. लग्नाचंसुद्धा त्यांनी असं समोरून विचारलं नव्हतं, यांच्या मावशीनं विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं."

"का ते विचारा."

"का?"

"कारण नोकरी लागल्यापासून मी तुमची मान बघतेय. भूक लागली की ती कशी होते मला माहीत आहे. राग आला की कशी होते, झोप अनावर झाली की कशी होते, लेकीचा जन्म झाला त्या आठवड्यात कशी होती, सगळं माहीत आहे. त्या मानेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तोंड बघायला मिळालं ते निवृत्त झाल्यावर. आणि तुम्ही म्हणता, परत मागे जाऊन बस."

त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला. मग म्हणाले, "तुला चांगलं वाटतं? तोंड बघून?"

"आता या वयात त्याला काय करायचंय? पण हो, वाटतं."

त्यांना हसू आलं, पण ते पूर्ण बाहेर आलं नाही. "मग मी घरी काय करू?" त्यांनी विचारलं. असं विचारलं की मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. "तू सांग. मला खरंच कळत नाही."

"मलाही माहीत नाही. पण मी तुमच्यासारखं एकटीनं ठरवून टाकणार नाही. दोघं मिळून बघू. तुम्ही विचार करा, मी थांबते."

विचार करायला म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. आणि फिरवलं ते तिकडेच राहिलं. बस कड्याच्या अगदी काठानं चालली होती. खाली खडकांची रांगच्या रांग, प्रत्येक खडकाभोवती पांढरा फेस, आणि त्याच्यापुढे पार टोकापर्यंत पसरलेलं निळं पाणी.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हे इथेच होतं?"

"काय?"

"हे सगळं. आपण याच रस्त्यानं आलो?"

"याच रस्त्यानं. निघाल्यापासून याच्याच कडेनं चाललोय आपण."

"मला डांबर दिसलं," ते म्हणाले. "आणि पांढरी पट्टी." त्यांनी कपाळ काचेला टेकवलं.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी न बघताच काढून माझ्या हातात दिला. गाडीवाल्याचा होता.

"काय ठरलं मग साहेबांचं?" गाडीवाला घाईत होता. "दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून विचारतो."

"आमचं ठरलं," मी म्हटलं. "घ्यायची नाही. देऊन टाका त्यांना."

"असं कसं? साहेब तर एवढे मागे लागले होते! तुम्ही जरा साहेबांना द्या बघू फोन."

मी यांच्याकडे बघितलं. एक मोठी लाट खडकावर फुटून थेट रस्त्यापर्यंत उडाली, तसं त्यांनी दचकून डोकं मागे घेतलं, आणि मग परत काचेला लावलं, आधीपेक्षा जवळ.

"साहेब कामात आहेत," मी म्हटलं. "समुद्र बघतायत."